महाराजबाग कोणाची?

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी नागपूरच्या महाराजबागेतील पायी फेरीत सामील होण्याचा योग आला. जुनी स्थळे जाणकाराबरोबर पायी हिंडून पाहण्याची ही पद्धत अलीकडे मोठ्या शहरांतून चांगलीच रूढ झाली आहे. माझी पुतणी नागपुरास नोकरी करते. तिने आपल्या नावाबरोबर माझेही नाव घातले होते. सात वाजता फाटकापाशी तीस-चाळीस मंडळी जमली. बहुतेक सुस्थितीतील, गळ्यात कॅमेरे, पायांत धावण्याचे बूट. वाट दाखविणारा तरुण वास्तुशास्त्राचा विद्यार्थी होता, अभ्यासू होता आणि नम्रही होता. त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दीड तास आम्ही हिंडलो. नागनदीच्या अंगाने, जुन्या वृक्षांच्या सावलीतून, रोपवाटिकेच्या वाफ्यांवरून, वाघ-बिबट्यांच्या पिंजऱ्यांसमोरून. भोसल्यांनी बाग केली, इंग्रजांनी ती घेतली, १८९४ साली तेथे प्राणिसंग्रहालय आले, १९०६ साली शेजारी कृषी महाविद्यालय उभे राहिले, असा इतिहास त्या तरुणाने ओघवत्या भाषेत सांगितला. फेरी संपताना प्रश्न विचारण्यास सांगितले, तेव्हा एका सद्गृहस्थांनी विचारले, "आज एवढ्या जागेचा भाव काय येईल हो?" हशा पिकला. पण हसता हसता चार-पाच जणांनी खिशातून मोबाइल काढले आणि एकरांचे चौरस फूट व चौरस फुटांचे रुपये करण्यास आरंभ केला. मिनिटाभरात आकडा शेकडो कोटींच्या घरात पोचला. "आणि इथे हे लोक गुलाबाची कलमं विकत बसलेत!" असे कोणीतरी म्हणाले. पुन्हा हशा.

सेवानिवृत्त प्राध्यापकाने वर्गाबाहेर व्याख्यान देऊ नये, असा माझा नियम असल्यामुळे मी गप्प राहिलो. परंतु तो प्रश्न मनातून गेला नाही. महाराजबाग केवढ्याला विकली जाईल, हे तेथे जमलेल्या सुशिक्षितांना विचारावेसे वाटले. ती कोणाची आहे, हे एकालाही विचारावेसे वाटले नाही. वास्तविक दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज पहिला विचारताच येत नाही. जी वस्तू कोणाची हे ठाऊक नाही, तिचा भाव काढणे हा चोरबाजाराचा व्यवहार झाला.

बाग भोसल्यांची होती, एवढे सांगून भागत नाही. भोसल्यांकडे ती कोठून आली? राजे लोक बागा लावतात म्हणजे माळी बागा लावतात आणि रयत त्यांचा खर्च देते. आम्हां वऱ्हाडातील लोकांना या हिशेबाची थोडी अधिक माहिती असावयास हवी. अठराव्या शतकात वऱ्हाड दुअंमली होते. एकाच शेतकऱ्याच्या खळ्यावर निजामाचा अंमलदारही येई आणि भोसल्यांचाही. चौथाई, सरदेशमुखी, घासदाणा अशा नावांनी भोसले जे वसूल करीत, ते एकत्र धरले तर पुष्कळ ठिकाणी महसुलाचे शेकडा ६० भाग नागपूरकडे व ४० भाग हैदराबादकडे जात, असे जुन्या गॅझेटियरांवरून दिसते. १८०३ च्या नोव्हेंबरात अकोला जिल्ह्यातील अडगावास लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलुखावरचा भोसल्यांचा हक्क संपला. तोवर दोनतीन पिढ्या वऱ्हाडची कापूस-ज्वारी नागपूरच्या राजधानीस पोसत होती. महाराजबाग, तुळशीबाग, मोतीबाग, तेलंगखेडी, सक्करदरा, सोनेगाव: एका राजधानीभोवती एवढे बागबगीचे उगीच फुलत नाहीत. यांतील कोणता दगड वऱ्हाडच्या पैशाने बसविला आणि कोणता कटकच्या, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पैशाला रंग नसतो. पण तो रयतेचा होता, एवढे निश्चित.

हा मुद्दा मी नागपूरकरांच्या विरोधात वऱ्हाडची फिर्याद म्हणून मांडीत नाही. तशी फिर्याद करावयाची तर सामग्री भरपूर आहे. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडले गेले. पुढे विसाच्या दशकात प्रांताच्या वाटणीयोग्य खर्चाचे जे 'सिम सूत्र' ठरले, त्यातही मध्यप्रांतास ६० आणि वऱ्हाडास ४० असाच वाटा आला. शंभर-सव्वाशे वर्षांच्या अंतराने तेच दोन आकडे पुन्हा समोर यावेत, हा योगायोग मला वर्गात शिकविताना नेहमी गमतीचा वाटे. वऱ्हाडच्या तत्कालीन पुढाऱ्यांना त्यात गंमत वाटली नसावी. परंतु नागपूरचा कोष्टी किंवा रामटेकचा शेतकरी काही त्या ६० टक्क्यांवर जगत नव्हता. त्यालाही राजाच्या बागेत पाऊल टाकण्याची सोय नव्हती. बाग ज्यांच्या कष्टाची, त्यांपैकी कोणाचीच ती नव्हती, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

मग ती लोकांची केव्हा झाली? आमच्या तरुण वाटाड्याने येथे एक वाक्य वापरले: "१८५४ नंतर बाग सार्वजनिक झाली." हे वाक्य तपासून घेतले पाहिजे. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी औरस पुत्रावाचून वारले. डलहौसीने वारसा नामंजूर केला आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस लिलावात मातीमोलाने विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्यास गेले. त्याच वर्षीच्या २१ मे रोजी निजामाने फौजेच्या कर्जापोटी वऱ्हाड कंपनीच्या हाती दिले होते. म्हणजे बागेचा जुना धनी आणि बागेला पूर्वी पैसा पुरविणारा मुलूख हे दोन्ही सातआठ महिन्यांत एकाच धन्याच्या ताब्यात आले. या सर्व प्रकारात लोकांना कोणी काही विचारले नाही. ज्यांचा लिलाव करता आला ते हत्ती गेले. बाग उचलून कलकत्त्यास नेता येत नव्हती म्हणून ती राहिली. याला 'सार्वजनिक होणे' म्हणावयाचे असेल तर शब्दांना काही अर्थच उरत नाही. ती सरकारी झाली. राजाची बाग सरकारची झाली.

इंग्रज सरकारने तिचा उपयोग चांगला केला, हे मान्य करण्यास संकोच नको. बाग शेतीखात्याकडे गेली, प्रयोगशेते निघाली, महाविद्यालय निघाले. संत्र्याचेच पाहा. भोसल्यांनी औरंगाबादेहून संत्र्याची झाडे आणवून आपल्या बागेत लावली, अशी परंपरा सांगते. राजाच्या ताटासाठी आणलेले ते फळ पुढे नागपूर-काटोलच्या व आमच्या वरुड-मोर्शीच्या शेतकऱ्यांचे पीक झाले. खाजगी बागेतील झाड शिवारात उतरले की त्याचे काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. (बांगलादेशाने आयात शुल्क वाढविले की वरुडचा संत्रा रस्त्यावर ओतावा लागतो, हा त्याच गोष्टीचा दुसरा भाग. त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.) पण त्या शेतीखात्याचा डोळा कशावर होता? लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, महसूल वाढावयास हवा होता. उपयोग झाला तो राज्यकर्त्यांच्या गरजेतून झाला. सरकार परके होते, म्हणून त्याची मालमत्ता लोकांची नव्हती, हे कोणीही मान्य करील.

अडचण यानंतर सुरू होते. १९४७ नंतर सरकार आपले झाले. मग सरकारची बाग आपोआप लोकांची झाली की नाही?

येथे एक अशी गोष्ट आहे, जी त्या फेरीत सांगितली गेली नाही, आणि जी अकोल्याच्या माणसाने तरी विसरू नये. महाराजबाग आज अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. नागपूरच्या कृषी महाविद्यालयामार्फत विद्यापीठच बाग व प्राणिसंग्रहालय पाहते. म्हणजे ज्या वऱ्हाडचा पैसा एकेकाळी ओढून नेला गेला, त्या वऱ्हाडातील संस्थेच्या नावावर ती राजाची बाग आली. इतिहासाला क्वचित विनोदबुद्धी असते. आणि हे विद्यापीठ तरी कोणी दिले? महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठ राहुरीस नेण्याचे घाटू लागले, तेव्हा १९६७ साली विदर्भात विद्यार्थी रस्त्यावर आले; अकोल्याच्या आंदोलनात गोळ्या चालल्या, तरुण बळी गेले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याचे विद्यापीठ स्थापन झाले ते या रेट्याने. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. त्या दिवसांत घरातील वडील माणसे दबल्या आवाजात बोलत, एवढे मात्र पक्के आठवते. तेव्हा महाराजबागेच्या मालकीच्या साखळीत एक कडी अशी आहे की जी राजाने दिलेली नाही, गव्हर्नर जनरलने दिलेली नाही आणि मंत्रिमंडळानेही खुशीने दिलेली नाही. ती लोकांनी घेतलेली आहे. फेरीत ही कडी वगळली जाते आणि पिंजऱ्यातील वाघाचे वय सांगितले जाते.

सरकारी मालकी म्हणजे सामाजिक मालकी नव्हे, हे आपल्या चळवळीतील जुने वाक्य आहे. राष्ट्रीयीकरणाच्या वादात ते आपण शेकडो वेळा उच्चारले, आणि नंतर बहुधा कंटाळून सोडून दिले. बागेसारख्या साध्या गोष्टीत त्याचा अर्थ फार स्पष्ट दिसतो. सात-बाराच्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे यावरून मालकीचा निम्माच निकाल लागतो. उरलेला निम्मा त्या जागेत कोण जाऊ शकतो, तेथे काय करू शकतो आणि तिच्यासंबंधीचा निर्णय कोणाला विचारून होतो, यावरून लागतो.

महाडचे चवदार तळे सार्वजनिकच होते. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला, १९२४ च्या आरंभी महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला. पाणी मात्र २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्यांच्या ओंजळीत आले नाही, आणि त्यानंतरही कोर्टकचेऱ्या होऊन मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले. कागदावरचे 'सार्वजनिक' आणि जमिनीवरचे 'सार्वजनिक' यांतील अंतर आपल्या देशात असे वर्षांनी मोजावे लागते. ज्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव विद्यापीठास आहे, त्यांनी अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करविल्या. विहिरी आधीही सार्वजनिकच होत्या! जनतेच्या पैशाने खणलेल्या विहिरीवर जनतेला पाणी भरता यावे यासाठी अध्यक्षाला अधिकार वापरावा लागला, ही त्यातली मेख आहे.

इंग्लंडचा दाखला द्यावयाचा तर तोही याहून निराळा नाही. लंडनचे हाईड पार्क हे आठव्या हेन्रीने १५३६ साली मठाकडून बळकावलेले शिकारीचे रान. १६३७ साली राजाने ते लोकांस खुले केले. पुढे राजाचा शिरच्छेद करून प्रजासत्ताक स्थापन करणाऱ्या पार्लमेंटने काय केले? १६५२ साली ते तुकडे पाडून चक्क विकले, आणि विकत घेणाऱ्याने आत येणाऱ्या गाड्यांवर पैसे आकारण्यास प्रारंभ केला. राजा गेला, लोकांचे राज्य आले आणि लोकांची बाग गेली! राजेशाही परत आली तेव्हा कोठे ती पुन्हा खुली झाली. तरीही सभा घेण्यास मनाई होतीच. २३ जुलै १८६६ रोजी मताधिकारासाठी निघालेल्या कामगारांना पोलिसांनी फाटकाशी अडविले, तेव्हा गर्दीच्या रेट्याने लोखंडी कठडे कोलमडले. १८७२ च्या कायद्याने त्या उद्यानात भाषण करण्यास जी मोकळीक मिळाली, तिच्या मागे हे मोडलेले कठडे आहेत. १६५२ सालचे उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. लोकांच्या नावाने चालणारे सरकार हाच लोकांच्या मालमत्तेचा सर्वांत धोकादायक विश्वस्त ठरू शकतो, कारण त्याच्यावर संशय घेण्याची आपल्याला सवय नसते.

नागपुरातच पाहा. महाराजबागेजवळून वाहणारी नागनदी ज्या अंबाझरी तलावाच्या बाजूने येते, तेथील उद्यान खाजगी विकासकाच्या हाती सोपविण्याचा व्यवहार झाला. तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ साली जमीनदोस्त झाले. ते पुन्हा उभारावे म्हणून २०२३ साली स्त्रियांनी दीर्घकाळ धरणे धरले. ज्या शहरात १९२० साली शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर भरली आणि १९४२ च्या जुलैत मोहन पार्कमध्ये दलितांची अखिल भारतीय परिषद झाली, त्या शहरात एका उद्यानातील आंबेडकर भवनासाठी बायकांना महिनोन्‌महिने रस्त्याच्या कडेला बसावे लागले. या परिषदांच्या जागा मुद्दाम सांगितल्या. उद्यान आणि मैदान या केवळ हवा खाण्याच्या जागा नव्हेत. ज्यांच्यापाशी सभागृहाचे भाडे नाही, त्यांचे ते सभागृह आहे.

दुसरे उदाहरण गोरेवाड्याचे. महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयाची मान्यता केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१८ साली काढून घेतली. विद्यापीठाने दाद मागितली आणि संग्रहालय चालू राहिले. जागा अपुरी होती, पिंजरे जुने होते. प्राण्यांच्या दृष्टीने पाहता त्या आक्षेपांत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. वाघाला मोकळे रान मिळावे हे योग्यच आहे. २६ जानेवारी २०२१ रोजी गोरेवाड्याच्या प्रशस्त प्राणिउद्यानातील सफारीचे उद्घाटन झाले, तेही चांगलेच. पण ते उद्यान खाजगी भागीदारीच्या कल्पनेवर आखलेले, शहराच्या कडेला, बसमधून हिंडण्याचे. इतवारीतला हमाल किंवा सीताबर्डीच्या फुटपाथवरचा विक्रेता आपल्या पोरांना चालत चालत घेऊन जाईल, असे ते ठिकाण नव्हे. वाघाचा प्रश्न सुटला तर आनंद आहे; पोराचा प्रश्न मात्र नव्याने निर्माण झाला.

आता त्या सद्गृहस्थांच्या भावाच्या प्रश्नाकडे वळतो, कारण ते उत्तर देणे माझ्या विषयाचे कर्तव्य आहे. जमिनीचा भाव शेजारच्या जमिनीच्या भावावरून काढतात. शेजारचा भाव एवढा चढा का? शहराच्या मध्यावर सावली आहे, पाऊस मुरण्यास जागा आहे, चार पावले चालण्यास मोकळी हवा आहे, म्हणून. बाग विकून तेथे इमारती उभ्या राहिल्या, तर ज्या भावाने हिशेब केला तो भाव ज्या कारणाने होता, तेच कारण नाहीसे होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नागनदी घराघरांत शिरली, तेव्हा पाणी मुरण्याची जागा म्हणजे काय याचे शिक्षण नागपूरकरांना एका रात्रीत मिळाले. मोबाइलवरील गुणाकारात ते पाणी धरलेले नव्हते.

'बाग काहीच उत्पन्न देत नाही' हा तर निव्वळ गैरसमज आहे. उत्पन्न ती भरपूर देते. फक्त ते बागेच्या खात्यावर जमा होत नाही. कोणत्याही शहरात 'उद्यानासमोर' अशी जाहिरात करून विकली जाणारी सदनिका जो जादा भाव मिळवते, तो त्या उद्यानाचा असतो. मालकाने त्यासाठी एक रोपटेही लावलेले नसते. याला अर्थशास्त्रात अनार्जित वाढ म्हणतात, आणि मिलपासून हेन्री जॉर्जपर्यंत अनेकांनी सांगितले की ही वाढ समाजाने परत घ्यावी. आपल्या नगररचना कायद्यातही सुधार-आकाराची कल्पना आहे. ती कागदावर पडून राहते आणि नगरपालिका मात्र 'बाग परवडत नाही' म्हणून तिकीट लावतात. ज्याचा लाभ मोठा त्याला सोडावयाचे आणि ज्याचा लाभ दोन घटकांच्या विसाव्याचा, त्याच्याकडून वसूल करावयाचे, असा हा उफराटा न्याय.

तिकिटाची रक्कम लहान असते, असे उत्तर मिळते. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. नवरा-बायको व दोन मुले, माणशी ५० रुपये तिकीट धरा. २०० रुपये फाटकावरच गेले. शिवाय जाणे-येणे, शिवाय फुगा मागणारे पोर. हे कुटुंब बागेत जात नाही. ते बागेच्या कठड्याबाहेर उभे राहून आतली कारंजी पाहते आणि परत जाते. आम्ही मात्र 'गरिबांना बागेची आवड नाही' असा निष्कर्ष काढतो! ५० हा आकडा मी उदाहरणादाखल घेतला. महाराजबागेचे तिकीट याहून हलके आहे, आणि ते तसेच राहावे म्हणून आतापासून जागे राहिले पाहिजे.

आपल्या वऱ्हाडात महाराजबाग नाही. येथे भोसल्यांची राजधानी नव्हती आणि पुढे जमीनही रयतवारीची झाली. राजाच्या बागेऐवजी आपल्याकडे किल्ले आणि तलाव आले. अकोल्याचा असदगड इंग्रजांनी १८७० च्या सुमारास पाडला, आणि १९१० च्या गॅझेटियरात त्याच्या मधल्या हवाखान्यात शाळा भरत असल्याचे नमूद आहे. औरंगजेबाच्या वजिराच्या नावाच्या किल्ल्यात पोरे पाढे म्हणत होती, हे चित्र मला कोणत्याही जीर्णोद्धाराहून अधिक आवडते. अमरावतीचे वडाळी आणि छत्री हे तलाव शहराला पाणी पाजण्यासाठी बांधले गेले. त्यांच्या काठी बागा मागाहून आल्या. या जागांना सुरस कथा नाहीत, म्हणून तेथे कॅमेरे घेऊन फेऱ्या निघत नाहीत. म्हणूनच त्यांच्याविषयी अधिक चिंता वाटते. महाराजबागेला निदान महाराजांचे नाव राखते. निनावी बागेला कोण राखणार?

आमच्या भागातील एका शहरात, नाव सांगण्याचे कारण नाही, अशीच एक बाग आहे. मी तेथे वर्षानुवर्षे संध्याकाळी जातो. पूर्वी तेथे कायम नोकरीतले माळी होते. ते एकेक करून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. मग कंत्राट निघाले. मागच्या उन्हाळ्यात कंत्राटाची मुदत संपली आणि नवे निघेपर्यंत दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत सत्तरीचा एक निवृत्त माळी रोज सकाळी घरून येऊन नळाला रबरी नळी लावीत असे. मी त्यांना विचारले, "बाबा, तुम्हाला याचे काही मिळते का?" ते म्हणाले, "काय भेटते साहेब? बाग सरकारची हाय म्हन्तेत. सरकार काही झाडाले पानी द्याले येत नाही. मंग कोन देईन?" सरकारी आणि सामाजिक मालकीतील फरक मी आयुष्यभर शिकविला, इतक्या थोड्या शब्दांत मला तो कधी सांगता आला नाही. त्यांनी वाचविलेली झाडे आज हिरवी आहेत. नव्या कंत्राटात 'सुशोभीकरण' आहे, म्हणजे फरशी आहे, रंगीत दिवे आहेत आणि एका कोपऱ्यात खाद्यपदार्थांच्या दुकानाकरिता राखून ठेवलेली जागा आहे. माळ्याचा उल्लेख मला त्यात सापडला नाही.

पायी फेऱ्यांची मी टिंगल करीत नाही. उलट, आपल्या कार्यकर्त्यांनीच त्या काढाव्यात, असे मला सुचवावयाचे आहे. मात्र त्या फेरीत राजाच्या हत्तींइतकाच वेळ हत्तींच्या लिलावास द्यावा, वृक्षाच्या वयाबरोबर माळ्याचा पगार सांगावा, आणि फाटकापाशी थांबून तिकिटाचा दर पाच वर्षांपूर्वी काय होता, हे मोठ्याने वाचून दाखवावे. शाळेतील मुले, मोलकरणी, हमाल पंचायतीचे सभासद यांना घेऊन निघालेली अशी एक फेरी कोणत्याही ठरावापेक्षा अधिक कामाची होईल. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा पूर्वी मैदानांवर भरत. त्या मैदानांचे आज काय झाले आहे, याची यादी केली तरी दोन-चार रविवारांचे काम निघेल.

अमरावती व अकोला येथील साथींना माझी एवढीच विनंती आहे. महानगरपालिकेच्या पुढील अंदाजपत्रकापूर्वी आपल्या शहरातील प्रत्येक बागेचा सात-बारा किंवा मिळकत-पत्रिकेचा उतारा, तिच्यासंबंधीचे चालू करार आणि कायम माळ्यांच्या मंजूर व रिक्त जागांचा तपशील माहितीच्या अधिकाराखाली मागवावा. अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे; एका पानाचा आहे. दर अर्जामागे दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. अमरावतीच्या अर्जांची तिकिटे मी आणून ठेवली आहेत. अकोल्याच्या मित्रांनी आपली आणावीत. वडाळीच्या तलावावर येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी असेन. येणाऱ्याने कॅमेरा आणला नाही तरी चालेल, वही मात्र आणावी.